ग्रहण, नाक आणि शिवलेला ओठ

नाशिक रोडच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "मुलगी साडेचार वर्षांची आहे. जन्मतः वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेली होती. दोन्ही ऑपरेशनं वेळेवर झाली. ओठावर व्रण आहे, एक नाकपुडी थोडी बसकी आहे, बोलणं जरा नाकातून येतं. येत्या जूनमध्ये शाळेत घालायचंय. बसमध्ये, लग्नात, भाजी घेताना लोक टक लावून बघतात, तोंडावर विचारतात. सासूबाई म्हणतात, सहाव्या महिन्यात ग्रहण होतं तेव्हा मी विळीवर बसले म्हणून असं झालं. जन्मल्या दिवशीचा तिचा फोटो मोबाइलमधून काढून टाक, असाही त्यांचा धोशा आहे. परदेशात राहणारी माझी बहीण म्हणते, तिकडे कुणी असं बघत नाही, हा आपल्या संस्कृतीचाच दोष. खरंच तसं आहे का? आणि मी काय करू?"

ताई, मी गेली सव्वीस वर्षं नाशिकमध्ये समुपदेशक म्हणून काम करते. दुभंगलेले ओठ, भाजल्याचे व्रण, चेहऱ्यावरच्या मोठ्या जन्मखुणा घेऊन आलेली मुलं आणि त्यांची घरची माणसं, यांच्यातच माझी बहुतेक वर्षं गेली. तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत. त्यातलं ग्रहणाचं आधी घेते, कारण ते तुम्ही मनाला लावून घेतलेलं दिसतंय.

गर्भाचा वरचा ओठ साधारण चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात. पाळी चुकली हे लक्षात येऊन, तपासणी होऊन, घरात पेढे वाटेपर्यंत ओठाचं काम होऊन गेलेलं असतं. सहाव्या महिन्यात तुम्ही विळीवर काय चिरलंत आणि त्या दिवशी आकाशात काय होतं, याचा त्या ओठाशी संबंध लागूच शकत नाही. तो त्याच्या कितीतरी आधीपासून तसा होता. जगभरात साधारण सातशे बाळांमागे एकाला ओठाची किंवा टाळूची फट असते. कारणं मिसळलेली असतात. काही आनुवंशिक, काही गर्भारपणातली. फिट्सवरची काही औषधं, ताब्यात नसलेला मधुमेह, धूम्रपान यांनी शक्यता वाढते. बहुतेक घरांत 'हेच कारण' म्हणून कशावर बोट ठेवता येत नाही. तुमच्या बाबतीतही येणार नाही, आणि त्या न मिळणाऱ्या उत्तराच्या जागी स्वतःला उभं करू नका.

ही समजूत फक्त आपली नाही, हेही तुम्हाला ठाऊक असावं. मेक्सिकोतही गरोदर बाईने ग्रहणात बाहेर पडू नये, पोटाशी किल्लीसारखी लोखंडी वस्तू बांधावी, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो, असं मानत आलेत. तिथल्या जुन्या अझ्टेक लोकांना ग्रहणातला चंद्र कुणीतरी चावा घेतल्यासारखा वाटे, आणि तोच चावा बाळाच्या ओठावर उमटतो अशी त्यांची धारणा होती. हजारो कोस लांबच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या दोन समाजांनी वर तुटलेला चंद्र पाहिला, खाली तुटलेला ओठ पाहिला आणि दोन्हींची गाठ मारली. 'असं का झालं?' हा प्रश्न सगळीकडे सारखा येतो. उत्तर मात्र प्रत्येक समाज आपल्या घराच्या रचनेप्रमाणे शोधतो. आपल्याकडचं उत्तर नेमकं बाईच्या विळीपाशी येऊन थांबतं. सव्वीस वर्षांत मला एक घर असं भेटलं नाही, जिथे ग्रहण लागलं तेव्हा बाळाचे वडील काय करत होते हे कुणी विचारलं. याचा मला आजही राग येतो.

आता लोकांच्या बघण्याबद्दल. इथे माझं मत तुमच्या बहिणीच्या मतापेक्षा वेगळं आहे.

नजर वळणं हे माणसाच्या जातीचंच आहे. चेहरा ही आपण जन्मल्यापासून वाचायला शिकलेली पहिली गोष्ट. रोजच्या साच्यात न बसणारा चेहरा समोर आला की डोळे थबकतात, मग ते नाशिकचे असोत की न्यूयॉर्कचे. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर केलेले प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाले. काही लोकांना एखाद्या अपंग व्यक्तीला भेटण्याआधी, तिला कळणार नाही अशा तऱ्हेने, तिच्याकडे मन भरेपर्यंत बघू दिलं. काहींना तशी संधी दिली नाही. नंतर प्रत्यक्ष भेट झाली तेव्हा आधी बघून घेतलेले लोक तिच्या जवळ बसले, बाकीचे लांब. म्हणजे अवघडलेपणाचा बराच भाग नवलाचा होता. नवल भागलं की माणूस जवळ सरकला.

मी नवी होते तेव्हा प्रत्येक आईला एकच सांगायचे, 'दुर्लक्ष करा.' माझा तो सल्ला चुकीचा होता. आया मान खाली घालून चालायला लागल्या, मुलं आईच्या पदराआड गेली आणि बघणाऱ्यांचं बघणं तिळभरही कमी झालं नाही. आता मी सांगते, बघू द्या. पहिली दहा मिनिटं बघू द्या. त्या दहा मिनिटांत बघणाऱ्याच्या मनात कोणती गोष्ट तयार होते तिकडे लक्ष द्या, कारण संस्कृती शिरते ती तिथे. नजर निसर्गाने वळते, पण वळलेल्या नजरेला कोणता शब्द द्यायचा, कुणाला हात जोडायचे, कुणापासून पोराला ओढून घ्यायचं, हे आपण घरात आणि गल्लीत शिकलेलो असतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण मी आपल्याच गावात पाहिलं. २०१५ च्या सिंहस्थात तपोवनातल्या साधुग्राममध्ये एका ऊर्ध्वबाहू साधूसमोर रांग लागली होती. कित्येक वर्षं वर धरलेला हात वाळक्या फांदीसारखा झालेला, खांद्याचा सांधा धरलेला, नखं वळून तळव्यात शिरलेली. माझ्यापुढे एक बाई होती, कडेवर जेमतेम वर्षाचं लेकरू. तिने लेकराचं डोकं त्या हाताखाली धरलं, डोळे मिटले आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. कुणाच्याही चेहऱ्यावर किळस नव्हती. भीती होती ती आदराची. त्याच आठवड्यात सीबीएसवर, म्हणजे आपल्या मध्यवर्ती एसटी स्टँडवर, पाण्याच्या बाटल्या विकणारा एक तरुण मी पाहिला. लहानपणीच्या पोलिओने त्याचा उजवा हात तसाच वाळलेला होता. तो खिडकीशी आला तशी माझ्या पुढच्या सीटवरच्या बाईने मुलाचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि काच ओढून घेतली. ती वाईट बाई नव्हती. थोड्या वेळापूर्वी तिनेच एका म्हातारीला उठून जागा दिली होती.

डॉक्टरी नजरेने त्या दोन हातांत फारसा फरक नाही. दोन्हीकडे स्नायू आटलेले, सांधे आखडलेले. एका हाताला लोकांजवळ तपाची गोष्ट होती, दुसऱ्याला 'मागच्या जन्मीचं' अशी गोष्ट होती. पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय. त्या गर्दीत मुलीला घेऊन गेलात तर स्वतः बघा, एकच गाव एकाच दिवशी किती वेगवेगळ्या नजरांनी बघतं ते.

आणि जिथे डोळ्याला दिसणारा फरकच नाही, तिथे तर सगळंच शिकवलेलं असतं. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी आणि हजारो लोकांनी तो पुढे कित्येक वर्षं लावून धरला. दारापाशी अडवलेल्या माणसांचा चेहरा, रंग, भाषा, देव, सगळं अडवणाऱ्यांसारखंच होतं. डोळ्याला वेगळं काही दिसत नसताना वेगळेपण 'दिसायला' लावण्याइतकी ताकद शिकवणुकीत असते. पंचवटीत वाढलेल्या माणसाला मी हे उदाहरण नेहमी देते. जे इतकं शिकवता येतं ते न शिकवणंही आपल्या हातात असतं.

चेहऱ्याचं मात्र आपल्याकडे आणखी एक खास दुखणं आहे. ते आपल्या गावाच्या नावातच बसलंय. काहीजण नाशिकचं नाव नऊ शिखरांवरून आलं म्हणतात, पण घरोघर सांगतात ती गोष्ट शूर्पणखेची. लक्ष्मणाने इथे तिचं नाक कापलं म्हणून नासिक. कुणाचा चेहरा विद्रूप करणं ही शिक्षा, आणि विद्रूप चेहरा ही त्या बाईच्या वागण्याची पावती, असं आपण गोष्ट म्हणून लहानपणीच ऐकतो. पुढे भाषाही तेच बोलते. घराण्याचं नाक कापलं. नाक खाली झालं. नाक वर करून चालतो. मराठीत नाक हे एकट्या माणसाचं नसतंच, ते घराण्याचं असतं. म्हणून पोरीच्या चेहऱ्यावर व्रण असला की तो आत्याला, काकूला, चुलतसासऱ्यांनासुद्धा स्वतःच्या चेहऱ्यावर असल्यासारखा वाटतो.

हे मी एका लग्नात अगदी जवळून पाहिलंय. गंगापूर रोडचं कार्यालय, स्टेजवर कुटुंबाचा फोटो. फोटोग्राफर सगळ्यांना जवळ घेत होता. सात वर्षांची एक मुलगी पहिल्या रांगेत, जरीचं परकर-पोलकं, गालावर भाजल्याची चुणी. तिच्या मामीने अतिशय हलक्या हाताने, जणू परकर नीट करते आहे अशा बेताने, तिला दोन्ही खांद्यांना धरून मागच्या रांगेत नेलं आणि पुढे स्वतः उभी राहिली. कुणी काही बोललं नाही. मुलगीही काही बोलली नाही. फोटो झाल्यावर तिने फक्त कानापुढचे केस ओढून गालावर घेतले. त्या मामीचा त्या मुलीवर जीव होता, हे मला माहीत आहे. आजारपणात रात्र-रात्र तिनेच जागून काढली होती. पण फोटो घराण्याचा होता आणि फोटोत नाक दिसतं.

याच मुलखाने कापलेलं नाक पुन्हा लावून दाखवलंय, हे मात्र आपण गोष्टीत सांगत नाही. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या एका मराठा गाडीवानाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं होतं. पुण्याजवळ वीट-मातीचं काम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात त्याचं वर्णन चित्रासह छापलं गेलं आणि युरोपातले सर्जन ती पद्धत शिकले. आजही कपाळाच्या कातडीने नाक करण्याच्या पद्धतीला जगभर 'भारतीय' म्हणतात. शूर्पणखेच्या गोष्टीबरोबर ही गोष्टही मुलांना सांगायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

बहिणीच्या म्हणण्याकडे येते. तिकडे लोक बघत नाहीत हे बऱ्याच अंशी खरं आहे. पण ते मुळातच मनाने मोठे आहेत म्हणून असं, हे खरं नाही. शिकागो शहरात १८८१ सालापासून असा नियम होता की व्यंग असलेल्या, 'विद्रूप' दिसणाऱ्या माणसाने रस्त्यावर लोकांच्या नजरेस पडलं तर दंड. तो १९७४ पर्यंत पुस्तकात होता. १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यासही सांगण्यासारखा आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना सहा चित्रं दाखवली. एक धडधाकट मूल, एक कुबड्या घेतलेलं, एक चाकाच्या खुर्चीतलं, एक हात नसलेलं, एक तोंडाच्या बाजूला व्यंग असलेलं आणि एक लठ्ठ. सगळ्यात जास्त कोण आवडतं त्याप्रमाणे क्रम लावायला सांगितला. तोंडावर व्यंग असलेलं मूल शेवटून दुसरं आलं. सगळ्यात शेवटी आलं ते लठ्ठ मूल.

हा क्रम निसर्गाने ठरवला असता तर आपल्याकडेही तोच दिसला असता. पण माझ्या आजीच्या पिढीत गुबगुबीत मुलाला 'बाळसं धरलंय', 'खात्यापित्या घरचं' म्हणून दृष्ट काढत, आणि बारीक मुलाच्या आईला ऐकवत. आज कॉलेज रोडवरच्या घरांत तीच गुबगुबीत मुलं माझ्याकडे रडत येतात, कारण वर्गात त्यांना 'जाड्या' म्हणतात. दोन पिढ्यांत नजर उलटी झाली. याने मला धीर येतो. वाईटाकडे उलटलेली नजर चांगल्याकडेही उलटते. आपल्याकडे कुष्ठरोगावर औषध येऊन कित्येक वर्षं झाली तरी तो घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यात होता, २०१९ मध्ये तो काढला. उशीर झाला, पण निघाला.

आणि तिकडच्या न बघण्याचीही एक बोच आहे. तिकडे काही वर्षं राहून आलेली एक आई मला म्हणाली होती, "मॅडम, तिथे माझ्या मुलाकडे कुणीच बघायचं नाही. आमच्याजवळ आलं की सगळ्यांची नजर फोनमध्ये. इथे उतरले आणि रिक्षावाल्याने पहिल्या मिनिटाला विचारलं, काय झालं हो पोराला? मला आधी राग आला, मग रडू आलं, मग मी त्याला द्वारका चौकापर्यंत सगळं सांगत आले." आपल्या लोकांना तोंडावर विचारायची सवय आहे. ती टोचते, पण विचारणाऱ्याला उत्तर देता येतं. न बघणाऱ्याला काहीच सांगता येत नाही.

पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरून येणारी मुलं पाहिली की मला यातलं आणखी एक कळतं. तिथे फाटक्या ओठाचं पोर सगळ्यांबरोबर नाचणीची भाकर खातं, गुरं वळतं, कुणी त्याला लपवत नाही. नाव ठेवतात, पण तसं प्रत्येकालाच ठेवतात. पण तेच पोर चौदाव्या वर्षी पहिल्यांदा ऑपरेशनला येतं, कारण 'चाललंय की' म्हणून कुणाला घाईच नसते. शहरात उलट. बाळ चार महिन्यांचं असताना ओठ शिवून घेतात, आणि मग चार वर्षं त्याला घराबाहेर नेत नाहीत. मला शहराचं ऑपरेशन आणि पाड्याचं अंगण दोन्ही हवंय. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन अशी मुलं शोधतात आणि उपचार मोफत होतात, त्यामुळे पाड्यावरची मुलं आता लवकर यायला लागलीत. अंगणाचं काम मात्र कुठल्या योजनेत बसत नाही.

एक शब्द मला फार छळतो. 'बिचारी.' टक लावून बघणं मुलं विसरतात, 'बिचारी' विसरत नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या विशीतल्या मुली सांगतात की चिडवणाऱ्यांशी भांडता यायचं, पण गालावरून हात फिरवून 'अरेरे, बिचारी, पोरीची जात' म्हणणाऱ्या मावशीशी काय भांडणार? त्या एका वाक्यात तिचं लग्न, तिचा बाप, त्याचा हुंडा सगळं आलेलं असतं आणि पोरगी पाच वर्षांची असते. घरात हा शब्द कुणी वापरला तर तिथल्या तिथे थांबवा. मोठ्यांचा मान राखून, पण थांबवा.

आता तुम्ही काय करायचं ते.

तिच्यासाठी एक वाक्य तयार ठेवा. लोक स्वतःची गोष्ट बनवायच्या आत तुमची गोष्ट त्यांच्या हातात गेली पाहिजे. वाक्य लहान, खरं, आणि शेवटी मुलीकडे नेणारं. उदाहरणार्थ, "जन्मतः ओठ जुळला नव्हता, डॉक्टरांनी शिवलाय. तिला मांजरं फार आवडतात, तुमच्याकडे आहे का मांजर?" शेवटचा प्रश्न विसरू नका. त्याने समोरच्याला पुढे बोलायला रस्ता मिळतो, नाहीतर तो आपल्या सवयीने 'अरेरे'कडे जातो. हे वाक्य मुलीसमोर, तिला ऐकू येईल असं म्हणा. सहाव्या वर्षापर्यंत ती ते स्वतः म्हणायला लागेल, स्वतःचे शब्द घालून. दुसऱ्याचं लहान मूल 'हे काय आहे?' म्हणालं आणि त्याच्या आईने 'श्श, असं विचारू नये' म्हणून ओढलं, तर तुम्ही त्या मुलाला थांबवा आणि उत्तर द्या. दबलेला प्रश्न त्याच्या मनात भीती होऊन बसतो.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना पुढच्या तपासणीला घेऊन या. चौथ्या-सातव्या आठवड्याचं गणित सुनेने सांगितलं तर तो उद्धटपणा, डॉक्टरांनी सांगितलं तर ज्ञान. आपल्या घरांची घडण तशी आहे, तर तिचाच उपयोग करू. आणि त्यांना एक काम द्या, नातीला बरोबर घेऊन बाहेर जायचं. आपल्याकडे गल्ली आईच्या नजरेकडे बघत नाही, आजीच्या नजरेकडे बघते. पंचवटीतल्या एका आजींची आठवण सांगते. अशाच ग्रहणाची गोष्ट धरून बसलेल्या होत्या, दोनदा ओपीडीत येऊन, डॉक्टरांना दहा प्रश्न विचारून गेल्या. नंतर एका बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारात मला दिसल्या. कडेला नात. पेरूवाल्या मावशींनी विचारलंच, "काय गं बाई, पोरीच्या ओठाला काय झालं?" आजी पेरू दाबून बघत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "फाटका आला होता, शिवून घेतला. आता पेरू फोडून खाते दाताने. दे एक, दाखवते." मावशींनी खरंच एक पेरू दिला. पोरगी खाताना दोघी बघत राहिल्या. मग मावशींनी वजनात आणखी एक घातला.

शाळेसाठी जून उजाडायची वाट बघू नका. मे महिन्यातच वर्गाच्या बाईंना मुलीसह भेटा, शाळा रिकामी असताना. बाईंचीही पहिली दहा मिनिटं तिथेच होऊन जातील. त्यांना तुमचं वाक्य द्या आणि एवढंच मागा की वर्गात कुणी विचारलं तर हेच सांगा, वेगळी घोषणा करू नका. 'हिच्याशी सगळ्यांनी नीट वागायचं हं' असं पहिल्या दिवशी सांगितलं की ती वर्षभर 'नीट वागायची मुलगी' होते. त्याऐवजी तिला कामात घ्यायला सांगा. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडलं होतं की नुसतं एकत्र बसवून पूर्वग्रह जात नाहीत. बरोबरीच्या नात्याने, एकाच कामासाठी, मोठ्यांच्या पाठिंब्याने एकत्र यावं लागतं. दिंडोरी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या एका शाळेतल्या गुरुजींनी त्यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. त्यांनी काय केलं? टाळूच्या फटीमुळे गेंगाणं बोलणाऱ्या, वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलाच्या हातात लेझीमच्या पथकाची हलगी दिली. तीस मुलांना पाऊल टाकायला त्याच्याकडे बघावंच लागायचं. २६ जानेवारीला मी ते संचलन बघायला गेले होते. सगळ्या माना त्याच्याकडे वळलेल्या आणि तो ताठ उभा.

बोलण्याकडे या वर्षीच लक्ष द्या. नाकातून येणारे शब्द हे दिसण्यापेक्षा जास्त चिडवलं जाण्याचं कारण ठरतात, कारण आपल्या नाटका-सिनेमांनी गेंगाणं बोलणं हसण्यासाठीच वापरलंय. टाळू शिवल्यावरही ती बोलताना पुरेशी मिटते का हे स्पीच थेरपिस्ट आणि सर्जन मिळून तपासतात. काहींना सरावाने जमतं, काहींना आणखी एक ऑपरेशन लागतं. कानही तपासून घ्या. टाळूची फट असलेल्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि ऐकू कमी येणारं मूल वर्गात 'लक्ष देत नाही' म्हणून बोलणी खातं. हिरडीतही फट असेल तर तिथे हाड बसवण्याचं काम साधारण आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान, सुळा यायच्या आधी करतात. नाकाची शेवटची दुरुस्ती चेहऱ्याची वाढ थांबल्यावर. आत्ता कुणी 'नाक लगेच सरळ करून देतो' म्हणालं तर आधी तुमच्या सर्जनना विचारा.

राहिला फोटो. तो काढून टाकू नका. एक प्रत छापून घ्या आणि अल्बममध्ये बारशाच्या फोटोआधी लावा. पाच-सहा वर्षांची झाली की ती विचारेल, "माझा ओठ आधी कसा होता?" सगळी विचारतात. ज्या घरात तो फोटो नसतो तिथे आई गप्प होते आणि त्या गप्प होण्यातून पोरगी स्वतःच काहीतरी भयंकर कल्पून घेते. ज्या घरात असतो तिथे मुलं फोटो हातात घेतात, बोटाने ओठाची फट चाचपतात, मग स्वतःच्या ओठावरचा व्रण चाचपतात आणि बहुतेक वेळा विचारतात, "मी तेव्हा दूध कसं प्यायचे?" तुम्ही वाटी-चमच्याने पाजलंत की फटीच्या बाळांसाठी मिळणाऱ्या बाटलीने, रात्री किती वेळा उठलात, ती पहिल्यांदा हसली तेव्हा तो रुंद, फाटका ओठ कसा दिसला, हे सगळं तेव्हा तिला सांगा. सासूबाईंनाही जवळ बसवा. पहिल्या दिवशी त्यांनी काय पाहिलं ते त्यांनाच सांगू दे.